ऑपरेशन झाले, पुढचे कोणी विचारले नाही : जन्मजात पोटविकारासह मोठे झालेल्यांच्या मनाविषयी

पऱ्हाटी (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातला. हा धागा बरेच दिवस मनात होता, पण दर वेळी वाटायचे की पोटाच्या, त्यातही शौचाच्या गोष्टी चारचौघांत लिहिणे बरे दिसणार नाही. लिहायचे आहे ते त्या संकोचाविषयीच, म्हणून आज तो बाजूला ठेवतो.

माझा जन्म १९८८ चा, पोळ्याच्या आसपासचा. जन्मतः मला गुदद्वार नव्हते. दाईच्या ते दुसऱ्या दिवशी लक्षात आले, कारण पोट नगाऱ्यासारखे फुगले होते आणि मी दूध ओकत होतो. वडिलांनी उसनवारी केली, नाल्याचा पूर ओसरण्याची वाट पाहिली आणि एसटीने नागपूर गाठले. तिथे आधी पोटावर आतडे उघडून मळाला वाट करून दिली, वर्षभराने खाली नवी जागा तयार केली आणि त्यानंतर पोटावरची वाट बंद केली. घरी ट्रंकेत एक पिवळा पडलेला कागद आहे, त्यावर शेवटची नोंद ‘प्रकृती समाधानकारक, घरी पाठवले’ अशी आहे. त्यानंतरचा एकही कागद माझ्याकडे नाही.

ज्यांनी हा प्रकार ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गुदद्वार न बनणे किंवा भलत्या ठिकाणी उघडणे हा विकार साधारण ५००० जन्मांमागे एका बाळात आढळतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसल्यामुळे मळ पुढे सरकत नाही, त्या हर्शस्प्रंग नावाच्या आजाराचे प्रमाणही जवळपास तेवढेच आहे. दोन लाख वस्तीच्या तालुक्यात वर्षाला तीन हजारांच्या आसपास बाळे जन्मतात असे धरले, तर या दोन विकारांपैकी एक घेऊन आलेले एखादे बाळ दर वर्षी आपल्याच तालुक्यात असते. आजीच्या काळी अशी बाळे आठवडाभरात जात आणि घरचे ‘लेकरू टिकले नाही’ एवढेच म्हणत. त्यामुळे खेड्यात वाढून चाळिशीकडे निघालेली आमची ही जवळजवळ पहिली पिढी आहे, आणि ‘तुमचे दिवस कसे गेले’ असे जाऊन विचारावे असा आमच्या आधीचा कोणी म्हातारा गावात नाही.

मला शौचाची जाणीव उशिरा होते, कधी होतच नाही. कपडे खराब होण्याचा प्रसंग तीन-चार दिवसांतून एकदा येतो. तो येईल ही धास्ती मात्र चोवीस तास असते. यवतमाळला कचेरीच्या कामासाठी जायचे असेल तर आदल्या संध्याकाळपासून मी जेवत नाही. एसटीत दाराजवळची जागा धरतो. पिशवीत एक पँट, एक प्लास्टिकची थैली आणि अत्तराची बाटली असते. पंगतीत वाढपी आग्रह करू लागला की ‘उपास आहे’ म्हणतो. आमच्या गावात माझ्याइतके उपास करणारा दुसरा माणूस नसेल, आणि दोन-तीन म्हाताऱ्या मला मोठा भाविक समजतात. शाळेत असताना मागच्या बाकावर एकटा बसायचो. सहलीला एकदाही गेलो नाही. जवळचा म्हणावा असा मित्र झाला नाही, कारण जवळ आला की त्याला वास येईल ही भीती होती. लग्नाचा विषय मी स्वतःच दोनदा मोडला.

सात वर्षांपूर्वी सोयाबीन सोंगून झाल्यावर मी दोन महिने घराबाहेर पडलो नाही. झोप नव्हती, भूक नव्हती, आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे सारखे वाटत होते. डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या आणि सलाईन लावले. पोटाचा जुना रोगी म्हटल्यावर त्यांनी पोटच पाहिले. कोणी, मी स्वतःसुद्धा, त्याला मनाचा आजार म्हटले नाही.

माझे मत असे झाले आहे की आमच्यासारख्यांचे मन आतड्याने थकत नाही तेवढे लपवण्याने थकते. हे इतरांचेही आहे का, आणि मोठेपणी यासाठी कोणाकडे जायचे असते, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आर्वीकर · सोमवार, रात्री १०.१५

पऱ्हाटीभाऊ, आपण मनमोकळे लिहिलेत याचे कौतुक आहे. तरीही एक सांगतो, राग मानू नये. शेतकऱ्याच्या घरात कोणाला काय कमी आहे? नापिकी, कर्ज, मुलीचे लग्न, हे सगळे सोसून माणसे उभी आहेत. जन्माला घालणाऱ्याने जे दिले ते स्वीकारावे, पहाटे उठून प्राणायाम करावा, मन खंबीर ठेवावे. प्रत्येक गोष्टीला आजाराचे नाव दिले की माणूस आणखी खचतो असा माझा अनुभव आहे.

उपकेंद्राची_ताई · मंगळवार, दुपारी २.०५

मी वाशीम जिल्ह्यात एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आर्वीकर काका, ‘मन खंबीर ठेवा’ हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने आधीच दहा जणांकडून ऐकलेले असते, आणि जो ते करू शकला नाही तोच आमच्यापर्यंत पोचतो.

पऱ्हाटी दादा, व्यवस्थेतली फट कुठे आहे ते सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतात, जन्मजात दोष शोधतात आणि पुढे पाठवतात. पण हे सगळे १८ वर्षांपर्यंत. अठरा पूर्ण झालेल्या मुलाचे नाव त्या यादीतून जाते आणि दुसऱ्या कुठल्याही यादीत येत नाही. आमच्याकडे मधुमेहाची यादी असते, रक्तदाबाची असते, गरोदर मातांची असते; लहानपणी आतड्याचे ऑपरेशन होऊन मोठे झालेल्या माणसांची नसते. ती माणसे ‘गॅस’, ‘अशक्तपणा’, ‘अंग जड पडते’ अशा तक्रारी घेऊन येतात आणि तेवढेच औषध घेऊन परत जातात.

तीस वर्षांवरील लोकांसाठी आशाताई घरोघर जो तक्ता भरतात, त्यात मनाविषयी दोन प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला होता का, आणि उदास किंवा निराश वाटत होते का. प्रश्न चांगले आहेत, पण ते विचारले जातात ओसरीवर, सासू सूप घेऊन समोर बसलेली असताना. ‘नाही’ हेच उत्तर येते. म्हणून मी असा प्रश्न वजन करण्याच्या निमित्ताने आत बोलावून पुन्हा विचारते. दोन्हींचे उत्तर तसे आले तर नऊ प्रश्नांची पुढची चाचणी असते. तिच्यात २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर डॉक्टरांकडे पाठवायचे. तुमच्या बाबतीत त्या चाचणीचाही एक घोळ आहे. त्यात झोप, भूक आणि थकवा यांविषयी प्रश्न आहेत, आणि तुमची भूक तर तुम्हीच मारून टाकलेली आहे. त्यामुळे गुणांची बेरीज पाहून थांबू नये. ‘मी निकामी आहे’ आणि ‘मी नसतो तर बरे’ या अर्थाच्या प्रश्नांना काय उत्तर आले, तिकडे आधी पाहावे.

आणखी एक. ज्यांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग ऑपरेशनमध्ये काढला असेल त्यांना बी-१२ जीवनसत्त्व अन्नातून शोषता येत नाही. त्याच्या कमतरतेने हातापायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा येतो आणि उदासीही येते. रक्ताच्या एका तपासणीने ते कळते आणि इंजेक्शनने भरून निघते.

वरुडची_आई · मंगळवार, रात्री ११.५०

सगळे झोपल्यावर लिहिते आहे. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. त्याला हर्शस्प्रंग आहे. ऑपरेशन सहा महिन्यांचा असताना झाले. आमच्याकडे तेव्हा सगळ्यांनी मलाच विचारले की ग्रहणात काही चिरले होते का, कापले होते का. मी चिरले नव्हते, पण इतक्या वेळा विचारले की मलाच वाटू लागले, विळ्याला हात लावला असेल. पुढे एका डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले की गर्भात पहिल्या तीन महिन्यांत चेतापेशी आतड्यात वरून खाली सरकत जातात, त्या शेवटपर्यंत पोचल्या नाहीत की हा आजार होतो, आणि काही घरांत त्यामागे जनुकांतला बदल असतो. तो कागद मी देवघरात ठेवला आहे.

ऑपरेशननंतर जागा आकसू नये म्हणून घरी रोज एक धातूची सळई घालून ती रुंद करावी लागत असे. ते मी केले, सासूबाई पाय धरून ठेवत. नंतर किती वर्षे एनिमा दिला. तो रडायचा, मी दात आवळून करायचे. सात-आठ वर्षांचा झाल्यावर त्याने रडणे बंद केले, आणि मला वाटले, सवय झाली. आता समजते की सवय झाली नव्हती, तो तेवढ्या वेळापुरता तिथून निघून जायचा. आज तो माझ्याशी पोटाविषयी एक शब्द बोलत नाही. मी खांद्यावर हात ठेवला तरी आकसतो. यंदा अमरावतीला कॉलेजात जातो आहे, वसतिगृहात राहणार म्हणतो. वीस मुलांमागे दोन संडास. मला झोप येत नाही. वॉर्डनला सांगावे का?

जुना_सर्जन · बुधवार, सकाळी ६.३०

मी बालशल्यचिकित्सक आहे, आता निवृत्त, विदर्भातलाच. वरुडच्या ताई, तुम्ही लिहिलेला परिच्छेद मी दोनदा वाचला. त्या सळया आम्ही तुमच्या हातात दिल्या, क्रमांक लिहून दिले, किती महिने वापरायच्या ते सांगितले. बाळ मोठे होऊ लागले की हे कसे करावे, कधी थांबावे, त्याची परवानगी कशी घ्यावी, हे आमच्यापैकी फार थोड्यांनी सांगितले. आता या विषयावर लिहिणारे मानतात की गुप्तांगांशी निगडित उपचार बालपणी वर्षानुवर्षे झाले तर त्यांचा ठसा मोठेपणी शरीराविषयीच्या लाजेत, स्पर्शाच्या भीतीत आणि पुढे वैवाहिक संबंधांत दिसू शकतो. तुम्ही काही चुकीचे केलेले नाही. ते केले नसते तर जागा बंद झाली असती. मुलाशी बोलायचे असेल तर पोटाविषयी बोलू नका. ‘तेव्हा मी तुझे पाय धरायला लावले, ते मला अजून आठवते’ एवढे एकदा म्हणा आणि उत्तराची वाट पाहू नका.

आता थोडे शास्त्राचे. हर्शस्प्रंगवरची आतडे ओढून घेण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. गुदद्वाराच्या विकृतीवर आज सर्वत्र केली जाणारी, पाठीमागून मध्यरेषेत स्नायू उघडून करायची शस्त्रक्रिया आल्बेर्तो पेन्या यांनी १९८० मध्ये मेक्सिकोत प्रथम केली. म्हणजे आमचे सगळे लक्ष कित्येक दशके मूल जगवण्यावर आणि जागा नीट बसवण्यावर होते. ती मुले मोठी झाल्यावर केलेल्या अभ्यासांत काहींना चिंता आणि नैराश्य अधिक असल्याचे दिसते, काही अभ्यासांत सर्वसाधारण लोकांहून फरक दिसत नाही. पण एक गोष्ट वारंवार समोर येते : विकार जितका गंभीर तितके मन दुःखी, असे सरळ गणित बसत नाही. अवघड विकृती असलेला माणूस समाधानाने संसार करताना दिसतो, आणि सौम्य विकृतीचा, ज्याचे निकाल आमच्या नोंदवहीत ‘उत्तम’ म्हणून लिहिलेले असतात, तो आतून मोडलेला असतो. सौम्य विकृतीवाल्याला आपला त्रास सांगण्याचाही हक्क वाटत नाही, हे त्यामागचे एक कारण असावे असे मला वाटते.

पऱ्हाटी, तुमच्याविषयी मला एक शंका आहे. कपडे खराब होण्याची दोन वेगवेगळी कारणे असतात. एकात स्नायू आणि जाणीव दोन्ही कमी असल्यामुळे मळ खरोखरच थांबवता येत नाही. दुसऱ्यात आतड्यात वर्षानुवर्षे कडक मळ साचलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. रुग्णाला वाटते हगवण लागली आहे, आणि गावातला डॉक्टर जुलाब थांबवण्याच्या गोळ्या देतो, त्याने साठा आणखी वाढतो. पोटाचा साधा एक्स-रे काढला तरी हे बहुतेक वेळा कळते. दुसऱ्या प्रकारात आधी आतडे पूर्ण रिकामे करावे लागते आणि मग सोनामुखीसारखे सारक नियमित, ठरलेल्या मात्रेत चालू ठेवावे लागते. पहिल्या प्रकारात रोज ठरावीक वेळी एनिमा देऊन आतडे रिकामे करतात, म्हणजे पुढचा दिवसभर माणूस कोरडा राहतो. हे दोन्ही डॉक्टरच्या देखरेखीखाली करावे. साध्या पाण्याचा मोठा एनिमा घरच्या घरी घेऊ नये, रक्तातल्या क्षारांचे प्रमाण बिघडते. ज्यांना स्वतःच्या हाताने खालून एनिमा घेणे जमत नाही त्यांच्यासाठी अपेंडिक्सचे तोंड पोटावर उघडून वरून पाणी सोडण्याची शस्त्रक्रिया मॅलोन यांनी १९९० मध्ये मांडली, तीही उपलब्ध आहे.

उपाशी राहून तुम्ही प्रवास कोरडा करता, पण आतड्याची लय त्यानेच बिघडते. ज्यांना हर्शस्प्रंग आहे त्यांनी ताप, पोटफुगी आणि दुर्गंधीयुक्त जुलाब एकदम सुरू झाले तर घरी थांबू नये, रात्री असेल तर रात्रीच रुग्णालय गाठावे.

नाव_नको · बुधवार, दुपारी ३.२०

मी स्त्री आहे, वर्धा जिल्ह्यातली, दोन मुलांची आई. माझी जागा जन्मतः योनीमार्गाला लागून उघडलेली होती. मुलींमध्ये हाच प्रकार जास्त असतो असे मला नंतर कळले. लहानपणी ऑपरेशन झाले आणि आईने शपथ घातली की कोणाला सांगायचे नाही. सोयरीक जमवताना मामांनी तर स्पष्टच म्हटले, ‘पोटाचे टाके दिसत नाहीत ना, मग कशाला सांगता?’ सांगितले नाही.

सासरी तेव्हा संडास नव्हता. पहाटे बाया मिळून गोदरीकडे जात, आणि सगळ्यांच्या वेळेला माझे पोट कधीच तयार नसे. दुपारी एकटीने जायला बंदी. मी सहा महिने रात्रीची भाकर टाळत राहिले. अठ्ठेचाळीस किलोची आले होते, एक्केचाळीस झाले. सासूबाईंना वाटले दिवस गेले. नवऱ्याला मी दोन वर्षांनी सांगितले, तेही माझे कपडे त्यांना लपवलेल्या ठिकाणी सापडल्यावर. ते चिडले, पण आजारावर नाही. दोन वर्षे आपल्याला परके ठेवले म्हणून चिडले. पुढे गरोदरपणात त्यांनीच डॉक्टरांना सगळे सांगितले, आणि दुरुस्त केलेले स्नायू फाटू नयेत म्हणून माझी दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली. मी गप्प बसले असते तर काय झाले असते, हा विचार आता नको वाटतो.

घरी संडास २०१६ मध्ये बांधला. त्यावर कोणीतरी अर्ज लिहिताना ‘प्रतिष्ठा’ असा शब्द लिहिला होता, पण माझ्यासाठी तो कडी लावता येणारा दरवाजा होता. तरी मे महिन्यात नळाला चार दिवसांआड पाणी येते, सात माणसांत एक संडास, आणि माझ्या एनिमाला पाऊण तास लागतो. बाहेरून कोणी कडी वाजवली की अजूनही घाम फुटतो. या भीतीला डॉक्टरांच्या भाषेत काय म्हणतात ते मला माहीत नाही. सर्जन साहेब, तुमच्या एक्स-रेत ती दिसणार नाही.

लग्नाआधी सांगावे की नाही यावर माझे मत विचाराल, तर ज्याच्याशी संसार करायचा त्याला सांगावे, गावाला सांगू नये.

मंगळवारची_ओपीडी · बुधवार, रात्री ९.१०

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात काम करतो. ‘नाव नको’ ताई, तुम्ही वर्णन केले त्या भीतीला आम्ही चिंताविकार म्हणतो, आणि त्यावर औषधांइतकाच समुपदेशनाचाही गुण येतो. भीती वाटणाऱ्या गोष्टींना थोड्या थोड्या पायऱ्यांनी सामोरे जाण्याचा एक ठरावीक उपचार असतो. पऱ्हाटींचे ते दोन महिने म्हणजे माझ्या दृष्टीने नैराश्याचा झटकाच होता.

औषधांविषयी एक गोष्ट या धाग्यावर नोंदवून ठेवायलाच हवी. मनाच्या काही गोळ्यांचा आतड्यांवर थेट परिणाम होतो, कारण यातल्या बऱ्याच गोळ्या ज्यावर काम करतात त्या सिरोटोनिन नावाच्या रसायनाचा शरीरातला फार मोठा साठा, सुमारे ९० टक्के, आतड्यांतच असतो. अ‍ॅमिट्रिप्टिलीनने आणि पॅरॉक्सेटीनने बद्धकोष्ठ होऊ शकतो. सर्ट्रालीनने सुरुवातीला जुलाब होऊ शकतात. साध्या रुग्णाला याचे काही वाटत नाही. तुम्हाला मात्र चुकीच्या गोळीने आठवडाभरात मोठा फटका बसतो, मग तुम्ही गोळी परस्पर बंद करता, आणि ‘मनाची औषधे आपल्याला सोसत नाहीत’ असा समज कायमचा होतो. म्हणून पहिल्याच भेटीत सांगा की लहानपणी कोणते ऑपरेशन झाले आणि पोट कोणत्या बाजूला झुकते. तुम्ही सांगितले नाही तर आम्ही विचारत नाही, हा दोष आमचा आहे.

कायद्याचेही थोडे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारांची यादी आहे. त्यात मानसिक आजार आहे, पण पोटावरची पिशवी किंवा शौचावर ताबा नसणे यांचा उल्लेख नाही. ज्या शारीरिक कारणाने मन खचले ते यादीबाहेर आणि खचलेले मन यादीत, असा हा विचित्र मामला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने मात्र विमा कंपन्यांना मनाच्या आजारासाठीही शरीराच्या आजाराप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले आहे.

शेवटी, शेतकरी घरांना विशेष विनंती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत देशातल्या आत्महत्यांच्या कारणांमध्ये कौटुंबिक प्रश्नांच्या खालोखाल आजारपण येते. ज्या घरात असा दीर्घकाळ त्रास सोसणारा, गप्प गप्प होत चाललेला माणूस आहे, तिथे फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्या कोणाकडे असावी. तशा विचारांचा क्षण बहुधा काही मिनिटांचा असतो, आणि तेवढा वेळ मधे कुलूप असणे पुष्कळ असते. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, रात्री-बेरात्रीही, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते.

आर्वीकर · गुरुवार, सकाळी ८.००

मी माझे शब्द पूर्ण मागे घेत नाही. प्राणायामाने मला स्वतःला फायदा झाला आहे. पण ‘खंबीर राहा’ म्हणताना समोरचा दोन दिवसांचा उपाशी असेल हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आमच्या आळीत एक मुलगा आहे, कधीच पंगतीला बसत नाही. आम्ही त्याला माजोरी समजत होतो. आता त्याला काही विचारू नये एवढे तरी कळले.

पऱ्हाटी · तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ७.३०

सर्जन साहेबांची शंका खरी निघाली. एक्स-रेमध्ये डावी बाजू पूर्ण भरलेली होती. एक्स-रे काढणारा मुलगा म्हणाला, ‘काऊन दादा, इतके दिवस सांगितलं काऊन नाही?’ त्याला काय सांगणार! आतडे रिकामे करायला रुग्णालयात तीन दिवस राहावे लागले. आता सोनामुखीची गोळी ठरलेल्या वेळी चालू आहे आणि गेल्या बारा दिवसांत एकदाच कपडे बदलावे लागले. मूत्रपिंडांचीही सोनोग्राफी करायला सांगितली, कारण या विकृतीबरोबर मूत्रपिंडांचे दोष असू शकतात आणि माझी ती तपासणी लहानपणानंतर कधी झालीच नव्हती. ती ठीक आली.

मला वाटले होते, पोट सुधारले की मन आपोआप सुधारेल. तसे झाले नाही, हे इथे प्रामाणिकपणे लिहितो. पिशवीत पँट अजून असते. एसटीत दाराजवळचीच जागा शोधतो, आणि गेल्या बुधवारी ती मिळाली नाही तर पुढची गाडी येईपर्यंत दीड तास स्टँडवर बसून राहिलो, पोटात काही नसताना. समुपदेशक बाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या की पस्तीस वर्षांची राखण आहे, बारा दिवसांत ती कशी उठेल. नऊ प्रश्नांच्या चाचणीत माझे १६ गुण आले. त्यांनी मला पहिला अभ्यास असा दिला आहे की आर्णीपर्यंतच्या छोट्या प्रवासात दाराजवळून दोन रांगा मागे बसायचे, आणि निघण्याआधी अर्धी भाकर खायची. अर्धी खाल्ली. दोन रांगा मागे अजून बसलो नाही.

लपवण्याविषयीचे माझे मत ‘नाव नको’ ताईंचे वाचून थोडे बदलले. मी सगळ्यांपासून लपवत होतो, आता निवडून सांगावे असे वाटते. पहिल्यांदा धाकट्या भावाला सांगितले. त्याला सगळे माहीत होते. माझी अब्रू राखायची म्हणून तोच इतकी वर्षे माहीत नसल्यासारखा वागत होता. मी दूर असलो की माझ्या खोलीबाहेर पाण्याची बादली भरून ठेवणारा तोच होता, आणि मी समजत होतो की आई ठेवते.

वरुडच्या ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिलेले दिसत नाही, म्हणून मला सुचते ते लिहितो. वॉर्डनला सांगायचे की नाही, हे मुलालाच ठरवू द्या, कारण आजवर त्याच्या शरीराविषयीचे सगळे दुसऱ्यांनीच ठरवले आहे. शक्य असेल तर वसतिगृहाऐवजी दोन-तीन मुलांत मिळून खोली बघा, संडास खोलीलगत असेल अशी. भाडे थोडे जास्त पडेल. एका खोलीमित्राला मात्र त्याने सांगावे असे मला वाटते. सकाळी पाणी गेले तर बादली भरून ठेवायला कोणीतरी लागते.